रिकी मॅकॉर्मिकच्या चिठ्ठ्या अजून का वाचता येत नाहीत

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या उत्तरेला वेस्ट ऑल्टन नावाचं छोटं गाव आहे. ३० जून १९९९ रोजी तिथल्या एका मक्याच्या शेतात एका पुरुषाचा मृतदेह सापडला. उन्हाळ्याचे दिवस होते आणि मृतदेह इतका कुजलेला होता की बोटांच्या ठशांवरून ओळख पटवावी लागली. मृताचं नाव रिकी मॅकॉर्मिक, वय ४१. हृदयाचा आणि फुफ्फुसांचा जुना आजार, शाळा अर्धवट सुटलेली, हाताला कायमचं काम नाही. त्याच्याकडे गाडी नव्हती, आणि ते शेत त्याच्या घरापासून सुमारे २४ किलोमीटर लांब. तो तिथे पोहोचला कसा, हा पहिला प्रश्न. मृत्यूचं नेमकं कारण शवविच्छेदनात कळलं नाही. तो बेपत्ता असल्याची तक्रारही कुणी केलेली नव्हती.

त्याच्या पँटच्या खिशांत दोन चिठ्ठ्या होत्या. दोन्ही मिळून तीसहून जास्त ओळी, सगळी इंग्रजी कॅपिटल अक्षरं, मधे मधे आकडे, कंस आणि आडव्या रेघा. अर्थ मात्र शून्य. तब्बल बारा वर्षं या चिठ्ठ्या लोकांसमोर आल्या नाहीत. मार्च २०११ मध्ये एफबीआयने त्या जाहीर केल्या आणि चक्क लोकांची मदत मागितली. एफबीआयमध्ये सांकेतिक मजकूर उलगडणारा एक खास विभाग आहे. तुरुंगातून बाहेर जाणाऱ्या टोळ्यांच्या चिठ्ठ्या, सट्टेबाजांच्या वह्या असलं काहीबाही वाचणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी हात टेकले. सांकेतिक कोडी सोडवणाऱ्या हौशी मंडळींची अमेरिकेत जुनी संघटना आहे, तिच्या सभासदांनाही काही जमलं नाही. मग चिठ्ठ्या जगापुढे ठेवल्या आणि उत्तरांचा पाऊस पडला. त्यातलं एकही उत्तर आजवर मान्य झालेलं नाही.

एवढे हुशार लोक, एवढे संगणक, मग तीस ओळी का वाचता येऊ नयेत? याचं उत्तर बुद्धीच्या कमतरतेत नाही. ते समजायला आधी चिठ्ठीच जवळून बघू.

एका चिठ्ठीत तीन ओळी एकाखाली एक, कंसात आहेत. पहिली : एफ-एल-आर-एस-ई, पी-आर-एस-ई, ओ-एन-डी-ई, ७१, एन-सी-बी-ई. दुसरीत सुरुवातीला सी-डी-एन-एस-ई, मग तेच पी-आर-एस-ई, मग ओ-एन-एस-डी-ई, ७४ आणि पुन्हा एन-सी-बी-ई. तिसरीत पी-आर-टी-एस-ई, परत पी-आर-एस-ई, ओ-एन-आर-ई-डी-ई, ७५, एन-सी-बी-ई.

एक अक्षरही न कळता यातून काय दिसतं? सुरुवातीचा शब्द दर ओळीत बदलतो. दुसरा शब्द कायम. तिसरा थोडासा बदलतो. मग एक आकडा, आणि शेवटचा शब्द पुन्हा कायम. गोष्ट सांगणारा किंवा निरोप देणारा मजकूर असा नसतो. नोंद अशी असते. काहीतरी तीन वेळा नोंदवलंय, दर वेळी वेगळा आकडा लावून. दुसऱ्या चिठ्ठीतली एक ओळ तर आणखी बोलकी आहे : २६ एम-एल-एस-ई, ७४ एस-पी-आर-के-एस-ई, २९ के-ई-एन-ओ-एस-ओ-एल-ई, १७३ आर-टी-आर-एस-ई. आकडा, शब्द, आकडा, शब्द. 'एस-ई' हा शेपटासारखा जोड तर जागोजागी आहे, आणि ई अक्षराचा नुसता सुळसुळाट.

आता कोड फोडणारे काय करतात ते बघू. इंग्रजी मजकुरात सगळी अक्षरं सारख्या वेळा येत नाहीत. ई सर्वांत जास्त, दर शंभर अक्षरांत साधारण बारा-तेरा वेळा. त्याखालोखाल टी, ए, ओ वगैरे. क्यू आणि झेड क्वचित. सर्वांत साधा कोड म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर लिहायचं. असा कोड समोर आला की जास्तीत जास्त वेळा येणारं चिन्ह ई असावं असं धरून सुरुवात करतात, मग लागून येणाऱ्या अक्षरांच्या जोड्या बघतात, तीन अक्षरी शब्द बघतात, आणि हळूहळू गाठ सुटत जाते. सव्वीस अक्षरांची अशी अदलाबदल किती प्रकारे होऊ शकते? चारावर सव्वीस शून्यं इतक्या प्रकारे. आकडा ऐकून छाती दडपते, पण प्रत्यक्षात असा कोड शाळकरी मुलगाही दुपारभरात फोडतो, कारण चुकीच्या किल्लीने, म्हणजे कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं याच्या चुकीच्या यादीने, मजकूर वाचला तर कचरा निघतो आणि बरोबर किल्लीने भाषा निघते. दोन्हींतला फरक डोळ्यांना लगेच कळतो.

पण यासाठी मजकूर पुरेसा लांब हवा. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हेच गणितात मांडलं. साध्या अदलाबदलीचा इंग्रजी मजकूर साधारण २८ अक्षरांपेक्षा लहान असेल, तर त्याची एकाहून जास्त अर्थपूर्ण उत्तरं निघू शकतात, आणि त्यातलं खरं कुठलं हे ठरवायला मार्गच उरत नाही. त्यापेक्षा लांब असेल तर बहुधा एकच उत्तर उरतं. कोड जितका गुंतागुंतीचा, तितकी ही मर्यादा वर सरकते. मजकूर कमी पडला तर जगातल्या सगळ्या संगणकांनी मिळून काही होत नाही. उत्तर दडलेलं असतं म्हणून ते सापडत नाही असं नाही. उत्तरं ढीगभर सापडतात, हीच अडचण.

मग मॅकॉर्मिकच्या चिठ्ठ्या तर शेकडो अक्षरांच्या आहेत, २८चा प्रश्न येतोच कुठे? बरोबर आहे, आणि म्हणूनच मला वाटतं की हा अक्षरांच्या अदलाबदलीचा कोड नाहीच. तसा असता तर १९९९ सालीच फुटला असता. शिवाय ई आधीच भरपूर आहे, म्हणजे अक्षरांवर काही प्रक्रिया झाल्यासारखी वाटत नाही. ई सोडून बाकीचे स्वर तेवढे गाळल्यासारखे दिसतात. माझ्या मते हे लघुलेखन आहे, स्वतःपुरतं, घरगुती.

घरगुती म्हणजे कसं? वाण्याकडे जायच्या आधी आईने कागदाच्या कपट्यावर लिहिलेलं असतं : तू. १, गू. अर्धा, र. २, शें. पाव. घरातल्या कुणालाही कळतं, तूरडाळ, गूळ, रवा, शेंगदाणे. हाच कपटा वीस वर्षांनी परक्या माणसाच्या हाती पडला, आणि तोही अनोळखी मृताच्या खिशातून निघालेला असला, तर 'र' म्हणजे रवा, राजमा, रंग, रमेश की रस्ता, हे तो कशावरून ठरवणार? इथे फोडायला किल्लीच नाही. किल्ली लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती आणि डोकं राहिलं नाही.

हौशी लोकांची गाडी नेमकी इथे रुळावरून उतरते. २६ एम-एल-एस-ई घ्या. शेवटचा ई शेपूट समजून सोडला आणि मधे स्वर भरले तर 'माइल्स' होतं. सव्वीस मैल! लगेच नकाशा उघडला जातो. पण त्याच अक्षरांतून 'मील्स' होतं, 'मॉल्स' होतं, 'म्यूल्स' म्हणजे खेचरंही होतात. पी-आर-एस-ईचं 'प्राइस' करा, 'पर्स' करा, 'प्रेस' करा, 'पेअर्स' करा. प्रत्येक शब्दाला असे चारच पर्याय आहेत असं धरलं तरी सहा शब्दांच्या एका ओळीची ४०९६ वाचनं होतात. त्यात दोन-चारशे तरी बऱ्यापैकी अर्थ लागणारी असणारच. मग ज्याला वाटतं मृत्यू अमली पदार्थांच्या व्यवहारातून झाला, त्याला ओळीत माल आणि भाव दिसतो. ज्याला त्याच्या आजारपणाचं महत्त्व वाटतं, त्याला औषधं आणि दवाखान्याच्या वेळा. ज्याला रस्त्यांचं वेड, त्याला ७१, ७४, ७५ हे महामार्ग. प्रत्येक जण प्रामाणिक असतो, आणि प्रत्येकाला आपल्या मनातलंच चिठ्ठीत सापडतं.

एखादं उत्तर खरं आहे की मनचं, हे ओळखायला गणितज्ञ असावं लागत नाही. एन-सी-बी-ई हा शब्द चिठ्ठ्यांत वारंवार येतो. कुणी त्याचा काही अर्थ लावला, तर तोच अर्थ प्रत्येक ठिकाणी बसला पाहिजे. पहिल्या ओळीत 'रोख नाही' आणि आठव्या ओळीत 'उत्तरेकडची खाडी' असं चालणार नाही. दुसरं, उत्तर सांगणाऱ्याने आपली रीत कागदावर लिहून द्यावी आणि ती वाचून तिऱ्हाइताने, उत्तर न बघता, तोच मजकूर काढून दाखवावा. रीत सांगायला दहा पानं लागली आणि दर ओळीला नवा अपवाद निघाला, तर मजकूर चिठ्ठीतून येत नाहीये, रीतीतून येतोय. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : उलगडलेल्या मजकुरात असं काहीतरी हवं जे उलगडणाऱ्याला आधी माहीत नव्हतं, आणि जे बाहेर जाऊन तपासता येतं. बातम्यांत आलेलंच चिठ्ठीतून निघालं, तर ते चिठ्ठीचं वाचन नव्हे, बातम्यांचं.

या कसोट्यांवर उतरलेलं हौशी लोकांचं काम आहे का? आहे, आणि ते फार देखणं आहे. १९६८-६९ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांचे खून करून वर्तमानपत्रांना पत्रं पाठवणारा, स्वतःला 'झोडिअॅक' म्हणवणारा खुनी आजही सापडलेला नाही. जुलै १९६९ च्या अखेरीस त्याने ४०८ चिन्हांचा सांकेतिक मजकूर तीन तुकडे करून तीन वर्तमानपत्रांना पाठवला. आठवडाभरात तो फुटला. फोडणारे कोण, तर सलिनास गावचे एक शाळामास्तर डोनाल्ड हार्डन आणि त्यांची बायको बेट्टी. बाईंचा तर्क असा की हा माणूस आत्मप्रौढीचा, म्हणजे मजकूर 'आय' म्हणजे 'मी' ने सुरू होणार, आणि त्यात 'किल' हा शब्द येणारच. इंग्रजी 'किल'मध्ये दोन एल लागून येतात. अशी जोडचिन्हं शोधली आणि धागा हाती आला. याला म्हणतात डोकं लावणं : एका शब्दाचा अंदाज, पण तो लगेच उरलेल्या ४००हून जास्त चिन्हांवर तपासून बघता आला.

नोव्हेंबर १९६९ मध्ये आलेला ३४० चिन्हांचा दुसरा मजकूर मात्र एक्कावन्न वर्षं कुणाला हार गेला नाही. तो डिसेंबर २०२० मध्ये तिघांनी फोडला : अमेरिकेतला सॉफ्टवेअरवाला डेव्हिड ओरांचाक, ऑस्ट्रेलियातला गणितज्ञ सॅम ब्लेक, आणि बेल्जियममधला यार्ल व्हान आयके, ज्याने कोड फोडायचा संगणक प्रोग्राम फावल्या वेळात स्वतः लिहिलेला होता. तिघांपैकी कुणीही पोलीस नव्हतं. या मजकुरात दुहेरी कुलूप होतं. एकेका अक्षरासाठी अनेक चिन्हं वापरलेली, त्यामुळे ई वगैरे मोजून काही हाती लागत नव्हतं. आणि वाचायचं डावीकडून उजवीकडे नाहीच, तर एक ओळ खाली आणि दोन घरं उजवीकडे, बुद्धिबळातल्या घोड्यासारखं. ब्लेकने वाचनाच्या दिशांचे सुमारे साडेसहा लाख पर्याय तयार केले, ते व्हान आयकेच्या प्रोग्राममधून काढले, आणि एका पर्यायात 'मला पकडायचा प्रयत्न' आणि 'गॅस चेंबर' असे तुकडे चमकले. बाकीच्या ढिगाऱ्यात तसले तुकडे योगायोगानेही निघू शकतात, म्हणून ओरांचाकने तेवढे तुकडे पक्के धरले आणि उरलेला मजकूर त्यांच्याशी जुळतो का हे बघितलं. जुळला. मधल्या भागात गाडी अडली, तेव्हा लक्षात आलं की लिहिणाऱ्याने स्वतःच एका ठिकाणी चूक केली होती.

आता कसोटी लावून बघा. रीत चार वाक्यांत सांगता येते. कुणीही घरी बसून मजकूर परत काढू शकतो. आणि आतला मजकूर : टीव्हीवरच्या कार्यक्रमात बोलणारा मी नव्हतो. त्या पत्राच्या सुमारे दोन आठवडे आधी एका माणसाने आपण झोडिअॅक असल्याचं सांगून एका टीव्ही कार्यक्रमात फोन केला होता आणि गॅस चेंबरची, म्हणजे मृत्युदंडाची, भीती बोलून दाखवली होती. फोडणाऱ्यांनी हे मजकुरात घातलेलं नाही, ते आतून निघालं. भरीला, इंग्रजीतला 'पॅराडाइज' हा शब्द १९६९ च्या पहिल्या मजकुरात ज्या पद्धतीने चुकीचा लिहिलेला होता, अगदी तसाच इथेही चुकलेला निघाला. एफबीआयने, मॅकॉर्मिकच्या चिठ्ठ्यांपुढे हात टेकलेल्या त्याच विभागाने, हे उत्तर खरं असल्याचं मान्य केलं.

पण याच खुन्याने एप्रिल १९७० मध्ये आणखी एक सांकेतिक मजकूर पाठवला. 'माझं नाव आहे', आणि पुढे फक्त तेरा चिन्हं. यावर दर काही वर्षांनी कुणीतरी उत्तर घेऊन येतं. तेरा चिन्हांत बसणारी नावं किती असतील याला गणतीच नाही, त्यामुळे ज्याला ज्याच्यावर संशय त्याला त्याचं नाव त्यात मिळतं. त्यापायी ज्यांचा खुनाशी संबंध सिद्ध झालेला नाही अशा माणसांची नावं खुनी म्हणून पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत झळकली आहेत. ३४० चिन्हं फोडणारी तीच पद्धत, तेच प्रोग्राम, तीच माणसं इथे हतबल आहेत. फरक फक्त लांबीचा.

आपल्याकडचं उदाहरण याला पूरक आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि जुन्या मराठी गद्याचं दालन अभ्यासकांना उघडं झालं. राजवाडे कुठल्या सरकारी खात्याचे तज्ज्ञ नव्हते. पण हाताशी पोथ्याच पोथ्या होत्या, भाषा मराठीच होती, आणि लिपी वाचणारी परंपरा पंथात जिवंत होती. मॅकॉर्मिकच्या बाबतीत यातलं काहीच नाही.

मृतदेह आणि गूढ अक्षरं म्हटलं की दुसरं प्रकरण ऑस्ट्रेलियातलं. १ डिसेंबर १९४८ च्या सकाळी अॅडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर भिंतीला टेकलेला, नीटनेटक्या सुटातला एक माणूस मृतावस्थेत सापडला. कपड्यांवरच्या नावपट्ट्या काढलेल्या. काही महिन्यांनी त्याच्या पँटच्या एका चोरखिशात गुंडाळलेला कागदाचा छोटा तुकडा मिळाला, त्यावर छापील अक्षरांत 'तमाम शुद' : संपलं, पूर्ण झालं. उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी प्रतीचं शेवटचं पान फाडून तो घेतलेला होता. (माधव जूलियनांमुळे या रुबाया आपल्याकडेही घराघरांत गेल्या होत्या.) फाटक्या पानाची ती प्रत पुढे मिळाली. तिच्या मागच्या बाजूला अक्षरांच्या पाच ओळी उमटलेल्या होत्या, त्यातली एक खोडलेली. खोडलेली सोडली तर ४४च्या आसपास अक्षरं. तीही धड लागत नाहीत. पहिलं अक्षर डब्ल्यू की एम यावरच भांडण आहे.

शीतयुद्ध नुकतंच सुरू झालं होतं, दक्षिण ऑस्ट्रेलियातच वूमेरा इथे क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचं केंद्र उभं राहत होतं. झालं, हा माणूस हेर ठरला आणि अक्षरं हेराचा निरोप ठरली. १९७८ मध्ये एका टीव्ही पत्रकाराने ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याकडे विचारणा केली. तिथल्या तज्ज्ञांनी जे सांगितलं ते आजही शिरोधार्य आहे : चिन्हं फार कमी आहेत, हा गुंतागुंतीचा कोड असू शकतो किंवा अस्वस्थ मनाने ओढलेली निरर्थक अक्षरं असू शकतात, समाधानकारक उत्तर देणं शक्य नाही. कोड फोडणारा खरा जाणकार 'नाही' केव्हा म्हणायचं हे ओळखतो.

पुढे अॅडलेड विद्यापीठाचे प्राध्यापक डेरेक अॅबट यांनी विद्यार्थ्यांच्या तुकड्या या अक्षरांवर बसवल्या. त्यांनी काढलेला निष्कर्ष साधा आहे : ही अक्षरं इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांसारखी दिसतात. म्हणजे पुन्हा वाण्याच्या यादीचाच मामला. शेवटची ओळ आहे आय-टी-टी-एम-टी-एस-ए-एम-एस-टी-जी-ए-बी. एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने सुचवलं की सुरुवात 'इट्स टाइम टू मूव्ह टू साउथ ऑस्ट्रेलिया, मोझली स्ट्रीट' अशी असेल. मोझली स्ट्रीट त्याच भागातला रस्ता, त्यामुळे अंगावर काटा येतो. मग मीही करून बघितलं : 'आय टोल्ड देम माय ट्रेन स्टॉप्स ॲट मिडनाइट, सो टेल ग्रँडमा अबाउट ब्रेकफास्ट.' माझी गाडी मध्यरात्री थांबते हे मी त्यांना सांगितलंय, तेव्हा आजीला न्याहारीचं कळव. तेराच्या तेरा अक्षरं चोख बसली! त्या माणसाला आजी होती की नाही कुणास ठाऊक.

२०२२ च्या जुलैमध्ये अॅबट आणि अमेरिकेतल्या वंशावळ-तज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी जाहीर केलं की हा माणूस मेलबर्नचा कार्ल वेब, १९०५ साली जन्मलेला, विजेच्या उपकरणांचं काम करणारा. पोलिसांनी मृताच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा केला होता, त्यात अडकलेल्या केसांतल्या डीएनएवरून हे शोधलं. पोलिसांनी तेव्हा त्यावर आपली मोहोर उठवली नव्हती, पण हेरकथेतली हवा गेली. लक्षात घ्या, सत्तर वर्षं जी अक्षरं फोडायचा अट्टहास चालला होता, त्यांचा यात काडीचाही उपयोग झाला नाही. त्याच पुस्तकावर अक्षरांशेजारी एक टेलिफोन नंबर होता, साधा, कुठलाही कोड नसलेला. पोलिसांना जो काही माग मिळाला होता तो त्याच नंबरावरून, किनाऱ्याजवळ राहणाऱ्या एका परिचारिकेपर्यंत.

मॅकॉर्मिकच्या बाबतीत असा उघडा धागा फारसा नाही. एफबीआयने २०११ मध्ये सांगितलं की घरच्यांच्या म्हणण्यानुसार रिकी लहानपणापासून असल्या सांकेतिक चिठ्ठ्या लिहायचा, पण त्या वाचायच्या कशा हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी एका स्थानिक वृत्तपत्राशी बोलताना घरच्यांनी नेमकं उलट सांगितलं : त्याला स्वतःच्या नावापलीकडे धड काही लिहिता येत नव्हतं, आणि अशा चिठ्ठ्या होत्या हेच आम्हाला बातम्यांतून कळलं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. दुसरं खरं धरलं तर चिठ्ठ्या त्याच्या खिशात होत्या म्हणून त्याच्याच हातच्या होत्या असं म्हणता येत नाही, आणि मग लघुलेखन असलं तरी ते कुणाचं, इथपासून सुरुवात. उत्तरं पाठवणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांनी हा प्रश्न बाजूला ठेवलेला असतो. माझ्या मते तो अक्षरांच्या आधी यायला हवा.

एफबीआयचं मूळ आवाहन नीट वाचलं तर त्यांनी नुसतं उत्तर मागितलेलं नाही. अशाच पद्धतीने लिहिलेला आणखी एखादा नमुना, मॅकॉर्मिकचा किंवा दुसऱ्या कुणाचा, कुणाकडे असेल तर तो द्या, म्हणजे संदर्भ लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. एन-सी-बी-ईच्या शेजारी एकदा जरी एखादी ओळखीची वस्तू, पत्ता किंवा तारीख आली तर पन्नास तर्कांपैकी एकोणपन्नास गळून पडतील.

तरीही कुणाला हात घालून बघायचा असेल तर चिठ्ठ्यांची छायाचित्रं एफबीआयच्या संकेतस्थळावर आहेत. दुसऱ्यांनी टाईप केलेले उतारे वापरू नयेत, त्यांत आपसांत फरक आहेत. कंस कुठे बंद होतो, दोन शब्दांत जागा आहे की नाही, हे हाताच्या लिखाणात संदिग्ध असतं आणि टाईप करणारा आपल्या मनाने ठरवून टाकतो. आधी स्वतः उतरवून काढावं, जिथे खात्री नाही तिथे तसं चिन्ह करावं, आणि कुठलाही अर्थ लावायच्या आधी कोणता शब्द कोणाच्या शेजारी किती वेळा येतो याची नोंद करावी.